पॉलिश बिघडले तर काय करावे?

मंडळी, आपण नवे अंगण सारवतो, तेव्हा पहिले सारवण माती पिऊन टाकते. ते वर दिसतच नाही. दुसरे सारवण मात्र वर राहते आणि अंगण गुळगुळीत होते. लाकडाचेही तसेच आहे.

लाकूड बाहेरून भरीव दिसते, पण ती बारीक नळ्यांची मोळीच असते. झाड उभे असताना याच नळ्यांतून मुळांचे पाणी पानांपर्यंत चढत होते. झाड तोडले, फळ्या निघाल्या, तरी नळ्यांची तोंडे उघडीच राहतात. पावसाळ्यात लाकूड हवेतील ओल घेते आणि फुगते. उन्हाळ्यात ओल निघून जाते आणि ते आकसते. म्हणून तर आषाढात दार चौकटीत अडकते आणि चैत्रात त्याच दाराला फट दिसते. उघड्या लाकडाला तेलाचा हात लागला किंवा हळद सांडली, तर डाग आत मुरतो. मग तो घासून निघत नाही.

या उघड्या तोंडांत भरण्यासाठी लाकडाला पहिला पातळ हात देतात. बाजारात त्याला सीलर म्हणतात. वरची चकाकी नंतर येते. पण ती टिकणार की नाही, हे या पहिल्या हातावर ठरते.

आता कपाट, पेटी, पाट, देव्हारा घरच्या घरी पॉलिश करणारे पुष्कळ आहेत. करावेच. मजुरी वाचते. पण चुका होतात. चूक झाली की माणूस घाबरतो आणि घाईने तिच्यावर दुसरा हात मारतो. खरे नुकसान तिथे होते. पहिली चूक बहुतेक वेळा निघते. तिच्यावर चढवलेला दुसरा हात काढताना मात्र दुप्पट कष्ट पडतात.

प्रथम आपले जुने आणि चांगले सीलर पाहू. ते म्हणजे लाख.

लाख एका बारीक किड्यापासून मिळते. हा किडा पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बसतो, रस शोषतो आणि अंगाभोवती राळेसारखे कवच तयार करतो. फांद्या खरवडून हे कवच काढतात, धुतात, वितळवतात आणि त्याचे पातळ पापुद्रे करतात. दुकानात या पापुद्र्यांना चपडा म्हणतात. आपल्या देशात झारखंड आणि छत्तीसगड या भागांत लाख पुष्कळ होते. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली लाखेच्या अभ्यासासाठी एक संस्थाच निघाली. आपल्याकडे सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. तिथल्या कारागिरांनाही लाखेचे काम जुन्या काळापासून ठाऊक आहे.

चपडा पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. स्पिरिट उडून गेले की लाकडावर लाखेचा पातळ थर उरतो. त्या वाळलेल्या थरावर पुन्हा स्पिरिट लावले, तर तो पुन्हा मऊ होतो. हा गुण नीट ध्यानात घ्या. लाखेच्या कामातील चुका दुरुस्त होतात त्या याच गुणामुळे.

मिश्रण असे करावे. पहिल्या हातासाठी एक लिटर स्पिरिटमध्ये सव्वाशे ग्रॅम चपडा घालावा. पुढच्या हातांसाठी अडीचशे ग्रॅमपर्यंत चालतो. काचेची बरणी घ्यावी. लोखंडी डबा घेऊ नये, कारण लोखंडाने लाख काळवंडते. बरणीचे झाकण लावून रात्रभर ठेवावी आणि मधूनमधून लाकडी काडीने ढवळावी. सकाळी फडक्यातून गाळून घ्यावे. लवकर विरघळावे म्हणून बरणी चुलीजवळ किंवा गॅसजवळ मुळीच नेऊ नये. स्पिरिटची वाफ पेट घेते. आणि लाख कशी जळते हे आपल्याला महाभारतातल्या लाक्षागृहाने सांगितलेच आहे.

पहिला हात दिला. तासा-दोन तासांनी हात फिरवून पाहिला, तर काल गुळगुळीत केलेली फळी आज खरखरीत लागते! इथे अनेकांचा धीर सुटतो. पण ही चूक नव्हे, बरं का. लाकडाचे बारीक तंतू ओले होऊन उभे राहिले आणि लाखेने तसेच ताठ झाले. ३२० नंबरचा पॉलिश पेपर घ्यावा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलका फिरवावा. जोर लावू नये. तंतू कापले जातात आणि फळी पहिल्यापेक्षा गुळगुळीत होते. रेषांना आडवे मात्र घासू नये. आडवे ओरखडे त्या वेळी दिसत नाहीत. पॉलिश चढले की ते उजेडात सगळे दिसू लागतात.

आता खऱ्या चुकांकडे वळू.

एका घरी नवे सागवानी कपाट केले होते. लाकडाचे पैसे घरधनिणीने दोन वर्षांच्या मजुरीतून बाजूला टाकले होते. पुढे श्रावण आला. सणाआधी कपाट चकचकीत व्हावे म्हणून घरधन्याने लाखेचा हात दिला. बाहेर पावसाची झड लागलेली. संध्याकाळी पाहतात तो दारांवर पांढरी झाक! जणू कोणी ताकाचा हात फिरवला. घरधनी रंधा घेऊन आला. सगळे तासून काढायचे, असे त्याने ठरवले. घरधनिणीने त्याला थांबवले आणि शेजारच्या म्हाताऱ्या सुतारकाकांना बोलावून आणले.

काकांनी दारावरून बोट फिरवले. म्हणाले, “रंधा ठेव आधी. लाकडाला काही झालेलं नाही.”

“मग हे पांढरं कशानं झालं, काका?”

“तुला इंजेक्शन देताना नर्सबाई दंडाला स्पिरिट लावतात. कसं लागतं?”

“गार लागतं.”

“तसंच फळीलाही लागतं. स्पिरिट उडताना फळी गार होते. हवा ओली असली की गार तांब्यावर पाणी सुटतं ना? तसं या थरावर सुटलं. तीच ओल थरात अडकलीय.”

“आता निघायची कशी?” घरधनिणीने विचारले.

“दोन दिवस हात लावू नका, सूनबाई. ऊन पडेल त्या दिवशी दुपारी मला हाक मारा.”

तिसऱ्या दिवशी ऊन पडले. काकांनी थोडा कापूस घेतला, तो जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात बांधला आणि त्याचा बोळा केला. बोळ्यावर स्पिरिटचे थोडेसे थेंब टाकले आणि तो घट्ट पिळला. मग हाताच्या पाठीवर टेकवून पाहिला. नुसता गारवा लागला, ओल लागली नाही. मग तो बोळा दारावरून रेषांच्या दिशेने झपाझप नेला. एका जागी क्षणभरही थांबवला नाही. वरचा थर किंचित मऊ झाला, अडकलेली ओल निघून गेली आणि झाक विरली. एका दाराच्या खालच्या कोपऱ्यात ती थोडी राहिली होती. तिथे त्यांनी पॉलिश पेपरने थर उतरवला आणि पातळ हात पुन्हा दिला.

यात बोळा फार ओला असला तर काम बिघडते. लाख विरघळून बोळ्याला चिकटते आणि दारावर खड्डा पडतो. म्हणून हाताच्या पाठीवरची परीक्षा चुकवू नये. कोकणात तर जून ते सप्टेंबर लाखेचे काम टाळलेलेच बरे. देशावरही झड लागली असेल तेव्हा ब्रश बाजूला ठेवावा. सण पुन्हा येतो.

दुसरी चूक ओघळाची. ब्रश फार भरून घेतला की उभ्या दारावर ओघळ येतात. ओघळ दिसला की माणूस लगेच त्यावरून ब्रश फिरवतो. अर्धवट वाळलेली लाख ओढली जाते आणि तिथे घड्या पडतात. आमच्या शाळेत मुले शाईने लिहीत. डाग पडला की मी सांगत असे, शाई आधी वाळू द्या. ओल्या डागावर बोट फिरवले की सगळे पान काळे होते. ओघळाचेही तेच. रात्रभर वाळू द्यावा. सकाळी पॉलिश पेपर लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळावा आणि ओघळ तेवढाच घासून सपाट करावा. नुसत्या बोटांनी घासले तर ओघळाच्या शेजारची लाकूडभर जागा उघडी पडते आणि ओघळ तसाच राहतो. ओघळ सपाट झाल्यावर एक पातळ हात द्यावा. जुना आणि नवा थर एकजीव होतात. सांधा दिसत नाही.

ब्रशचे पट्टे पडतात त्याचेही कारण जवळचेच आहे. लाख लवकर सुकते. मागे वळून त्याच जागी दुसऱ्यांदा ब्रश नेला की खालचा थर उठतो. म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच ब्रश न्यावा. मध्ये जागा सुटली तर सुटू द्यावी. पुढच्या हातात ती भरते.

कधी कधी लाख वाळतच नाही. आठ दिवस झाले तरी बोट चिकटते. कपाटात कपडे ठेवले की ते दाराला चिकटतात. याची कारणे दोन. एक तर थर फार जाड दिलेला असतो. नाही तर कालवलेली लाख जुनी झालेली असते. स्पिरिटमध्ये कालवलेली लाख महिनोन्‌महिने ठेवली की तिचा गुण बदलतो आणि मग ती कडक होत नाही. दुकानात तयार मिळणारे लाखेचे पॉलिशही असे जुने असू शकते. काम सुरू करण्याआधी एक थेंब काचेच्या तुकड्यावर टाकून ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्यावर नख दाबावे. नख रुतले तर ती लाख वापरू नये. चुकून लाकडाला लावली गेली असेल, तर त्यावर चांगल्या लाखेचा हात देऊन उपयोग नाही. खालचा थर चिकटच राहतो. स्पिरिटने भिजवलेल्या फडक्याने तो सगळा पुसून काढावा. फडकी बदलत जावे. लाकूड कोरडे झाले की नव्या लाखेने सुरुवात करावी. काम कंटाळवाणे आहे, पण लाकूड सुखरूप राहते.

काही ठिकाणी पॉलिश धरतच नाही. सगळी फळी तांबूस होते आणि सांध्याजवळ फिके ठिपके उरतात. तिथे जोडणी करताना सरस किंवा पांढरा गोंद सांडलेला असतो. त्याने लाकडाची तोंडे आधीच बुजवलेली असतात. वरून कितीही हात दिले तरी ठिपका जात नाही, उलट जास्त उठून दिसतो. तेवढ्या जागेची लाख काढावी, पटाशीच्या धारेने गोंद खरवडावा, पॉलिश पेपर फिरवावा आणि मग पुन्हा हात द्यावा. पुढच्या वेळी काम आधीच ओळखता येते. पॉलिशच्या आधी फळी ओल्या फडक्याने पुसावी. गोंदाची जागा लगेच फिकी दिसते.

आता दुकानातल्या तयार डब्याविषयी. बहुतेक सुतार आज लाखेऐवजी सँडिंग सीलर वापरतात. ते स्पिरिटमध्ये नव्हे, थिनरमध्ये विरघळते. ते लवकर वाळते आणि पॉलिश पेपरने सहज घासले जाते. घासायला सोपे जावे म्हणून त्यात एक मऊ भुकटी घातलेली असते. म्हणूनच ते जाड देऊ नये. जाड दिले तर थर ढगाळ दिसतो, पोचट राहतो आणि पुढे तडकतो. पातळ हात द्यावा, वाळू द्यावा, घासावा आणि वरून लॅकरचे हात द्यावेत. नुसत्या सीलरवर काम थांबवले तर ते टिकत नाही. ढगाळ झाले असेल, तर घासून थर कमी करावा. फारच बिघडले असेल, तर थिनरने पुसून काढता येते. पावसाळी हवेतील पांढरी झाक यालाही येते.

दोन डबे मिसळून लावायचे काही रंगही मिळतात. ते एकदा पक्के झाले की स्पिरिटने किंवा थिनरने पुन्हा विरघळत नाहीत. त्यांची चूक फक्त घासूनच काढावी लागते. जुन्या कपाटावर काय लावले आहे हे कळत नसेल, तर मागच्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाकावा. दोन-तीन मिनिटांत जागा चांगली चिकट झाली तर ती लाख. नाही झाली तर शेजारी थिनरचा थेंब टाकून पाहावा. हे केल्यावरच दुरुस्तीला हात घालावा.

लाख घरातल्या लाकडासाठी चांगली. पावसाचा मारा खाणाऱ्या दाराला ती देऊ नये. पाण्याने ती पांढरी पडते. गरम पातेले ठेवले तरी ती मऊ होते आणि डाग पडतो. सोड्याच्या पाण्याने पुसली तर सुटून येते. बाहेरच्या दाराला पुष्कळ लोक जवसाचे तेल लावतात. त्यात चूक होते ती एकच. तेल वर साचू देतात. लाकूड पिईल तेवढे पिऊ द्यावे आणि पाव तासाने उरलेले सगळे कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. नाही पुसले तर त्याचा चिकट साय येतो आणि वर धूळ बसते. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या खरखरीत फडक्याने ती घासून काढावी.

पण ज्या फडक्याने तेल पुसले त्या फडक्याचे काय करता? चोळामोळा करून कोपऱ्यात टाकता ना? तसे कधीही करू नका. जवसाचे तेल वाळताना हवेतील प्राणवायू घेते आणि तापते. ओल्या कडब्याची गंजी आतून कशी तापते, ते तुम्ही पाहिले असेल. तसेच हे फडके आतून तापते. उष्णता बाहेर पडायला वाट नसते. मग काडी न लावता ते आपोआप पेटते. जवळ भुसा आणि छिलके असतात. सुताराची सगळी झोपडी त्यात जाऊ शकते. तेलाचे फडके मोकळ्या जागी, घरापासून दूर, पसरून वाळत घालावे. ते पूर्ण कडक झाले की टाकून द्यावे. तोवर पसरायला जागा नसेल, तर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावे.

स्पिरिट आणि थिनरचे काम दारे-खिडक्या उघड्या ठेवून करावे. बिडी दूर ठेवावी. ओटीवर, हवेशीर जागी केलेले उत्तम. त्या वासाने डोके दुखू लागले तर काम थांबवून बाहेर यावे.

आणखी एक गोष्ट आहे. ती बोलायला अवघड वाटते, पण बोलतो. पॉलिशचे स्पिरिट काही माणसे पितात. या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकते. ते विष आहे. थोड्याशा मिथेनॉलनेही डोळे जातात, पुष्कळदा जीव जातो. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालाडजवळ मालवणी वस्तीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून जास्त माणसे मेली. ती बहुतेक हातावर पोट असलेली माणसे होती. कोणी असे प्यायले असे कळले, तर शुद्धीत दिसतो म्हणून घरी झोपवून ठेवू नये. त्रास पुष्कळ तासांनी सुरू होतो. ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्यावे आणि काय प्यायला ते डॉक्टरांना खरे सांगावे. लवकर नेले तर उपाय आहे.

काम झाले, थोडी लाख उरली. ती पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरू नका. लहान मूल तहानेने तोंडाला लावील. काचेची वेगळी बाटली घ्या. कागदाची पट्टी कापा आणि आपल्या हाताने तिच्यावर मोठ्या अक्षरांत तीन ओळी लिहा. पहिल्या ओळीत ‘पॉलिशची लाख’. दुसऱ्या ओळीत ‘विष, पिऊ नये’. तिसऱ्या ओळीत ज्या दिवशी कालवली ती तारीख. पट्टी बाटलीला चिकटवा आणि बाटली चुलीपासून दूर, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. पुढच्या खेपेला बाटली काढाल तेव्हा आधी तारीख वाचा. सहा महिने होऊन गेले असतील, तर काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाका आणि दुसऱ्या दिवशी नख लावून पाहा.